चुना वाळेपर्यंत

कोष्ट्याची टोपी वाऱ्याने उडाली आणि पांढऱ्या दगडांच्या पलीकडे जाऊन पडली. आम्ही सगळे होतो तिथे थांबलो. टोपी फार लांब नव्हती. हात लांबवला असता तर मिळाली असती, आणि कोष्टी वाकलाच होता.

"पाय आत ठेव," बिरूतात्या मागून म्हणाले.

"हाताचं काय?" मी विचारलं. "नुसता हात गेला तर माणूस पळाला म्हणायचं का?"

यावर बराच खल झाला. एकाचं म्हणणं पडलं की हात म्हणजे काही माणूस नव्हे. दुसरा म्हणाला, अंगठा म्हणजेही माणूस नव्हे, पण तो कागदावर उठवला की माणूस आत जातोच. त्याचं स्वतःचं तसंच झालं होतं. कोष्टी तेवढा वेळ वाकलेलाच होता. शेवटी हवालदार मुलाणी आले, दगड ओलांडून गेले, टोपी उचलून झटकली आणि परत येऊन कोष्ट्याच्या डोक्यावर ठेवली. बाहेर जाऊन परत येणारे आमच्यात ते एकटेच होते, आणि त्यांना त्याचा पगार मिळायचा.

ते खुलं कारागृह होतं. माळावर चार बराकी, थोडी शेती, एक विहीर, आणि भोवती भिंतीऐवजी चुना लावलेल्या दगडांची ओळ. डोक्याएवढा एकेक दगड, दोन दगडांमध्ये हात पसरून उभं राहता येईल एवढी जागा. शिक्षा संपत आलेले आणि नीट वागलेले कैदी तिथे पाठवत. दिवसभर शेतात राबायचं, संध्याकाळी गिनती द्यायची. दगडाच्या पलीकडे एक पाऊल पडलं की तो पळाला. मग नवा गुन्हा, वर्षानुवर्षं साठवलेली शिक्षेतली माफी रद्द, आणि पुन्हा भिंतीच्या तुरुंगात रवानगी. भिंतीच्या तुरुंगातून पळायला डोकं लागतं. इथे न पळायला लागायचं.

फाटकही दगडाचंच होतं. म्हणजे रस्त्याच्या मधोमध एक दगड. जीप आली की मुलाणी तो उचलून बाजूला ठेवत आणि जीप गेली की परत मध्ये. मोठ्या सणाला ते त्याला हळदकुंकू लावायचे. फाटकाची पूजा करायची असते, एवढंच त्यांचं म्हणणं.

तू आत कशासाठी आलास, असं तिथे कुणी कुणाला विचारत नसे. चांगल्या घरात पगार विचारत नाहीत, तसं. त्यामुळे मीही सांगत नाही. आत येण्याआधी मी ऑर्केस्ट्रात नकला करायचो, एवढं पुरे. शेतीतलं मला काही येत नव्हतं आणि सरकारकडे नकलांचं काम निघालेलं नव्हतं, म्हणून मला दगडांना चुना लावायला दिलं होतं. दगड आत ओढायचा, चारी बाजूंनी रंगवायचा, वाळू द्यायचा, परत ठेवायचा. परत ठेवलेला दगड जिथला तिथे कधीच बसत नाही. एकदा तर कडुनिंबाची सावली मिळावी म्हणून मी अख्खी ओळ हातभर पलीकडे सरकवली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त बिरूतात्या जाता जाता म्हणाले होते, "सावली आत आली जणू."

बिरूतात्या जन्मठेपेचे. मूळचे मेंढरं राखणारे, उन्हाने वाळलेले, आणि इतके जुने की साहेब लोक बदलून आले की आधी त्यांना नमस्कार करत आणि मग लक्षात आल्यावर हात खाली घेत. त्यांच्याकडे कारागृहाची एकुलती एक म्हैस होती. आमच्या सगळ्या हद्दीत बाईमाणूस म्हणून तेवढीच, म्हणून तिला सगळे बाईसाहेब म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. बाईसाहेब उठल्या. बाईसाहेबांनी आज आंबोण खाल्लं नाही. दगडांचा नियम बाईसाहेबांना लागू नव्हता. त्या रोज दुपारी पलीकडे जायच्या, पलीकडचं गवत खायच्या आणि संध्याकाळी तात्यांनी दगडाशी उभं राहून "हां बाय, चल बाय" म्हटलं की आत यायच्या. आम्ही रांगेत उभं राहून ते बघायचो. स्वतःहून तुरुंगात परत येणाऱ्या व्यक्तीबद्दल आम्हाला आदर होता.

त्या उन्हाळ्यात बातमी आली की तात्यांच्या सुटकेवर मुंबईत सही झाली आहे. हुकूम निघालाय, दोन-चार आठवड्यांत पोचेल. मुंबई काही एवढी लांब नव्हती, पण सरकारी कागद पायी येतो. सगळ्यांनी तात्यांची पाठ थोपटली. तात्या म्हणाले, "म्हशीचं काय?"

हा खरा प्रश्न होता. बाईसाहेब तात्यांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसत. त्या गाभण होत्या, दिवस भरत आले होते. व्यायल्यावर दूध काढणार कोण? साहेबांनी, म्हणजे आमचे तुरुंगाधिकारी दाभोळे यांनी, वारस नेमायचं ठरवलं. एकेकाने जाऊन लाथ खाल्ली. शेवटी मी उरलो.

माझी शिकवणी सुरू झाली. तात्या म्हणायचे, आधी वळख पाड. मी ओळख पाडली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. बाईसाहेबांनी शेपटी मारली. बाहेर म्हशीला फसवायला मालकाचा सदरा घालून बसतात, असं कोष्ट्याने सुचवलं. पण आम्हा सगळ्यांचे सदरे एकाच ताग्यातले आणि एकाच मापाचे. त्या हिशोबाने म्हशीने सगळ्यांनाच दूध द्यायला हवं होतं. मग मी माझी कला वापरली. तात्यांच्या आवाजात "हां बाय" म्हणालो. इतकं हुबेहूब की गोठ्याबाहेर मुलाणी सावरून उभे राहिले. बाईसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, कार्यक्रम पडल्यावर पहिल्या रांगेतला पाहुणा पाहतो तसं. मग लाथ मारली.

"आवाज माझा, पर भ्या तुझं," तात्या म्हणाले. "तिला कातड्यातनं कळतं."

रोज संध्याकाळी असं चालायचं. मी तिची पाठ चोळायचो, तात्या शेजारी तंबाखू मळत बसायचे आणि मला शिव्या द्यायचे. शिव्याही अशा, की ऐकताना आपण कुणाच्या तरी घरातले आहोत असं वाटावं. काम झालं की ते उठून दगडांपर्यंत जायचे, तिथे थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. पाय मोकळे करत असतील, असं मला वाटायचं.

मग एका रविवारी शालन आली.

शालन तात्यांची लेक. ते आत गेले तेव्हा परकरात होती. पुढे आई गेली, मामाने वाढवलं, विट्याकडे दिली, आणि इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच भेटायला आली होती. खुल्या कारागृहात भेट कडुनिंबाखाली व्हायची, मधे जाळी नाही, म्हणून मी चुन्याचा डबा घेऊन जवळच्या दगडापाशी बसलो. तो दगड आदल्या दिवशीच रंगवला होता. पुन्हा रंगवला.

तात्यांनी तिला म्हशीची सगळी हकीकत सांगितली. कुठून आणली, काय खाते, कशी लाथ मारते. शालन पदराची गाठ सोडत-बांधत ऐकत होती. मग म्हणाली, "आबा, हुकूम आला की मी येते न्यायला. घरात खोली काढलीया. ह्यांनीच म्हटलं, आण म्हणून. येनार न्हवं?"

तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हस व्यायली की बगू."

जन्मठेप भोगून झालेल्या माणसाने सुटकेला अशी अट घातलेली मी तरी ऐकली नव्हती. शालन म्हणाली, "बरं," आणि उठली. जाताना तिने दगड ओलांडला आणि तात्या तिथपर्यंत जाऊन थांबले, रोज थांबायचे तिथेच.

पुढच्या आठवड्यात, दिवस भरले म्हणून बांधून ठेवलेल्या बाईसाहेब दावं तोडून गेल्या.

दुपार कलली होती. तात्या विहिरीवर होते. कामावरून आम्ही परतलो तर गोठा रिकामा, आणि पूर्वेकडून, दगडांच्या पलीकडच्या ओघळीतून, हंबरण्याचा आवाज येत होता. नेहमीचा नाही. आम्ही सगळे दगडांशी गोळा झालो. ओघळ हाकेच्या अंतरावर होती आणि आत बाईसाहेब आडव्या पडल्या होत्या. एक छोटं खूर बाहेर आलेलं दिसत होतं. एकच.

"आडलीया," तात्या म्हणाले. "दुसरा पाय आत दुमडलाय. सरळ करून काढला तर निघंल. न्हायतर दोन्ही जातील."

"किती वेळ आहे?" मुलाणींनी विचारलं.

"वेळ न्हाय."

त्या दिवशी साहेब जीप घेऊन जिल्ह्याला बैठकीला गेले होते, दुसरा शिपाई त्यांच्याबरोबर. साहेबांच्या हुकमाशिवाय कैद्याला दगडांबाहेर नेता येत नव्हतं. मुलाणींनी ऑफिसातून फोन लावला. साहेब बैठकीत होते आणि बैठक कधी संपेल हे बैठकीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लग्नाला गेले होते. स्वतःच्याच, त्यामुळे परत बोलावता येईना.

मग मुलाणी स्वतः गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओघळीत उतरले, आणि तात्या दगडाशी उभे राहून ओरडून सांगू लागले, हात आत घाला, मागं सारा, खूर मुठीत धरा. मुलाणींनी आयुष्यात कोंबडीसुद्धा पाळली नव्हती. बाईसाहेबांनी आडव्या पडल्या पडल्या त्यांना एक लाथ दिली आणि ते चिखलात बसले. परत आले तेव्हा त्यांच्या गणवेशाचा रंग कळत नव्हता.

"तात्या, माफ करा," ते म्हणाले. "मला नाही जमत."

बाईसाहेब पुन्हा हंबरल्या. आवाज बारीक झाला होता. तात्यांनी धोतर खोचलं.

"तात्या," मुलाणी म्हणाले. ते ओरडले नाहीत. "पाय टाकू नका. हुकूम वाटेत आहे. तुम्ही पाय टाकलात तर मला लिहावं लागेल. इतकी माणसं बघतायत. मला लिहावंच लागेल."

"ल्ह्या की," तात्या म्हणाले, आणि त्यांनी उजवा पाय उचलला.

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्या वयातही त्यांच्यात इतकी ताकद होती की मी लोंबकळायला लागलो. त्यांचा पाय हवेत, खाली दगड, आणि तो दगड मी सकाळीच रंगवलेला. माझ्या नाकासमोर तो होता. त्याच्यावर माझ्या बोटांचे ठसे होते. आणि मला कडुनिंबाची सावली आठवली.

"पाय टाकू नका," मी म्हणालो. "दगड टाका."

"काय?" मुलाणी म्हणाले.

"हवालदारसाहेब, कैद्याने दगडांच्या आत राहायचं, हा नियम आहे ना?"

"आहे."

"दगड कुठे असावेत याचा आहे का?"

मुलाणींनी दगडाकडे पाहिलं. मी तात्यांना सोडलं, खाली बसलो, तो दगड उचलला, हात लांब केले आणि पुढे ठेवला. मग एक पाऊल पुढे गेलो. दगडाच्या आतच होतो. पुन्हा उचलला, पुन्हा पुढे ठेवला, पुन्हा पाऊल टाकलं. आधी दगड, मग पाय.

कोष्ट्याच्या डोक्यात प्रकाश पडायला नेहमी वेळ लागायचा, पण त्या दिवशी सगळ्यात आधी त्यानेच शेजारचा दगड उचलला. मग तिसरा, चौथा. ओळीला पोट सुटायला लागलं. ओघळीच्या दिशेने तुरुंग निघाला. जसजसं पोट वाढलं तसे दगड कमी पडायला लागले, दोन दगडांमधलं अंतर वाढायला लागलं. कोष्टी म्हणाला असं विरळ बरं दिसत नाही. म्हणून मागच्या बाजूचे दगड आणायला माणसं पळाली. थोड्याच वेळात आमच्या कारागृहाची पश्चिमेकडची बाजू पूर्ण उघडी पडली. डांबरी सडक तिथून दिसत होती, तिच्यावरून एसटी जाताना दिसत होती. कुणालाही चालत जाऊन बसता आलं असतं. पण सगळे तिकडून दगड उचलून इकडे आणत होते, आणि धावताना एकमेकांना सांगत होते, पाय सांभाळ.

मुलाणींनी आकाशाकडे पाहिलं. सूर्य बुडाला होता. "मगरीबची वेळ झाली," ते म्हणाले. विहिरीवर जाऊन त्यांनी हातपाय धुतले, धुवायला बरंच होतं, आणि मग चटई पसरून उभे राहिले. ओघळ पूर्वेला होती आणि त्यांना तोंड पश्चिमेकडे करणं भाग होतं. भूगोल आमच्या बाजूने उभा राहिल्याची ती एकच वेळ. एरवी त्यांची नमाज आटोपशीर असायची. त्या दिवशी ते फार वेळ बसले.

शेवटचा दगड ओघळीच्या पलीकडच्या काठावर ठेवला आणि तात्या आत उतरले. कोष्ट्याने भिशीतून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, गोडेतेलाचा डबा आणला होता. तात्यांनी कोपरापर्यंत तेल लावलं आणि मला म्हणाले, "तिच्या तोंडाशी बस. बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"काय बी. तुला काय तोटा."

मी बाईसाहेबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोललो. ऑर्केस्ट्रातलं निवेदन म्हणालो. रसिक मायबाप, आता आपल्यासमोर येत आहे. तात्यांचा हात आत होता आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. ते अंगठ्याने, बोटांनी काहीतरी शोधत होते, आणि तोंडाने हळू "हां बाय, हां" चाललं होतं. मग त्यांनी श्वास सोडला. दुसरं खूर बाहेर आलं, त्यामागून नाक, आणि मग एकदम सगळंच. काळंभोर, ओलं, निपचित. तात्यांनी त्याच्या नाकात बोट घालून चिकट काढलं, वाळलेल्या गवताने खसाखसा पुसलं, एक चापट मारली. ते शिंकलं.

काठावर सगळे उभे होते. कुणी टाळी वाजवली नाही. बाईसाहेबांनी माझ्या मांडीवरून डोकं उचललं, मागे वळून पाहिलं आणि चाटायला सुरुवात केली. पारडी होती.

त्या संध्याकाळची गिनती मुलाणींनी तिथेच घेतली, ओघळीच्या काठावर. सगळे भरले.

साहेब सकाळी आले. जीपमधून उतरले, फाटकाचा दगड जागेवर नाही हे त्यांच्या लक्षात आलं, कारण तोही आम्ही नेला होता. मग त्यांनी ओळीकडे पाहिलं. पूर्वेला पोट, पश्चिमेला काहीच नाही. त्यांनी पोटाच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली. आम्ही रांगेत उभे होतो. तात्या रांगेत शेवटी.

"हे दगड कुणी हलवले?"

"चुन्याला काढले होते, साहेब," मी म्हणालो.

"एवढ्या लांब नेऊन?"

"ऊन तिकडे चांगलं आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओघळीत पाहिलं. बाईसाहेब उभ्या होत्या आणि पारडी ढुशा देत पीत होती. साहेबांचा चेहरा कळत नव्हता. ते मुलाणींकडे वळले.

"हवालदार, काल यातला कुणी दगडांच्या बाहेर गेला होता?"

मुलाणींचा गणवेश धुऊन वाळत होता, ते लुंगीवर होते, पण सलाम त्यांनी कडक ठोकला. "नाही साहेब. एक पाऊलसुद्धा नाही."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"दगड पाहिले, साहेब. सगळे आतच होते."

साहेब ऑफिसात गेले आणि दार लावून बसले. तात्यांचा हुकूम त्यांच्या टेबलावरूनच पुढे जायचा होता, हे आम्हाला माहीत होतं. कुणी कामाला जाईना. शेवटी कोष्टी भिशीत गेला. पहिल्या धारेचा चीक तात्यांनी काढून दिला होता. त्याने गूळ-वेलदोडा घालून खरवस लावला आणि वाटीत वडी ठेवून मला आत पाठवलं. माझ्याकडे बघून माणसाला राग कमी येतो, असा त्याचा समज होता.

साहेबांनी वडीचा तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. माझ्याकडे न बघता त्यांनी वाटी संपवली.

"माझी आई असाच करायची," ते म्हणाले. मग वाटी खाली ठेवली. "दगड परत जागेवर लावून घ्या."

"लावतो, साहेब. चुना वाळला की."

"किती दिवस लागतात वाळायला?"

"हवेवर आहे, साहेब."

"मागची बाजू तेवढी आजच लावा," ते म्हणाले. "पुढचं वाळू दे. आणखी आहे का?"

खरवस आणखी होता.

त्या संध्याकाळी मी ओघळीत तात्यांच्या शेजारी बसलो. बाईसाहेबांना अजून गोठ्यात यायचं नव्हतं. तात्या म्हणाले, आता तू बस कासंला. मी बसलो. बाळंतपणात डोकं मांडीवर घेतलेल्या बाईची काय भीती. पान्हा उतरला, आणि माझ्या हातून पहिली धार चरवीत वाजली. मी वळून बघितलं तर तात्या पाठ करून बसले होते.

"पोरा," ते म्हणाले, "पाय म्या म्हशीसाठी उचलला न्हवता."

माझे हात थांबले. बाईसाहेबांनी पाय आपटला, म्हणून पुन्हा सुरू केले.

"म्हशीसाठी बी हुता. पर निस्ता म्हशीसाठी न्हाय. रोज दगडापातूर जाऊन यायचो. रोज वाटायचं, टाकावा. एक पाऊल टाकलं की हुकूम माघारी. मग कुठं जायाला नको." त्यांनी तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली होती. "शालन परकरात हुती. तिची आय गेली तवा मी न्हाय, तिचं लगीन झालं तवा मी न्हाय. आता कामाला हात चालंना झाल्यावर तिच्या दारात जाऊन बसू? काय म्हनून? तिनं खोली काढली, ते तिचं चांगलं. पर त्या खोलीत मी करू काय? हितं म्हस हाय. तू हायस. काल झकास निमित्त गावलं हुतं. तू मधी दगड घातलास."

मी धार काढत राहिलो.

"आधी सांगायचं ना," मी म्हणालो. "मी इतके दगड उचलले."

तात्या हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग खोकला येईपर्यंत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण हसण्याच्या मधेच कुठेतरी ते हसणं राहिलं नव्हतं. बाईसाहेबांनी मान वळवून त्यांचा खांदा चाटला.

हुकूम आला. शालन जावयाचा टेम्पो घेऊन आली. तात्यांना नवं धोतर आणि सदरा मिळाला, त्यात ते पाहुण्यासारखे दिसत होते. फाटकापर्यंत सगळे पोचवायला आलो. साहेबांनी कागद दिला, हात जोडले, आणि या वेळी हात खाली घेतले नाहीत. मुलाणींनी दगड बाजूला करायला वाकून हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "मी जातो वलांडून."

आणि ते उभेच राहिले.

नुसते उभे. बोचकं हातात, नजर दगडावर. पाय उचलायचा प्रयत्न दिसत होता, पण गुडघ्यापासून खाली काही हलत नव्हतं. पलीकडे शालन होती. तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "आबा, म्हस व्यायली न्हवं?"

"व्यायली."

"मग?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. दावं तोडून गेलेल्या म्हशीला हाक मारावी की नको, अशा वेळी पाहतात तसं.

मी पुढे गेलो. वाकलो, त्यांच्या पायापुढचा दगड उचलला, त्यांना वळसा घालून मागे आलो आणि तो त्यांच्या टाचांच्या मागे, माझ्या पायांच्या पुढे ठेवला. थोडा सरळ केला. अंगठ्याने त्यावरची माती पुसली.

"झालं, तात्या," मी म्हणालो. "तुम्ही बाहेर आहात."

तात्यांनी मागे वळून दगड पाहिला. मग पुढे पाहिलं. शालन दोन पावलं पुढे आली आणि त्यांच्या हातातलं बोचकं घेऊन टेम्पोकडे चालायला लागली. बोचक्यात त्यांची तंबाखूची पिशवी होती, त्यामुळे त्यांना मागोमाग जाणं भाग पडलं.

पावसाळा संपता संपता माझीही सुटका झाली. बाईसाहेबांचा वारस म्हणून या वेळी मुलाणींना तयार केलं होतं. त्यांची सुटका व्हायची भीती नव्हती. ओळीचं पोट तसंच होतं. चुना अजून वाळला नव्हता. मला न्यायला कुणी येणार नव्हतं, हे मला माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना हसवून, साहेबांच्या आवाजात सगळ्यांना शेवटची सूचना देऊन, मी बोचकं घेऊन फाटकाशी आलो आणि दगडासमोर उभा राहिलो.

पाय उचलेना.

गंमत करत असेन असं वाटून मागे सगळे हसत होते. मीही तोंड हसरं ठेवून दगडाकडे बघत होतो. त्याच्या डाव्या बाजूला चुन्याचा एक ओघळ राहिला होता, मीच ठेवलेला.

"ए कलाकार."

पलीकडे बाभळीखाली टेम्पो उभा होता, आणि त्याच्या मागच्या फळीवर पाय सोडून तात्या बसले होते. अंगात जावयाचा सदरा, ढगळ. शेजारी फडक्यात बांधलेला डबा. बऱ्याच वेळापासून बसलेले असावेत, कारण तंबाखू मळून झाली होती.

मी दगडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"माझ्याकडं काय बगतूस," तात्या म्हणाले. "माझी कंबर धरलीया. मी न्हाय दगड उचलनार. टाक पाय."